माइल्सवर काढलेली भागीदार विमान कंपनीची तिकिटे व वेळापत्रक-बदल

एका विमान कंपनीच्या नियमित प्रवासी योजनेत जमा झालेले माइल्स खर्च करून तिच्या भागीदार कंपनीच्या विमानाचे तिकीट काढता येते. असे तिकीट काढल्यानंतर आणि प्रवासाचा दिवस येण्यापूर्वी विमानाची वेळ, दिवस, मार्ग किंवा विमानतळ बदलला, अथवा ते उड्डाणच रद्द झाले, तर त्यास वेळापत्रक-बदल म्हणतात. हवामान वा तांत्रिक बिघाडामुळे ऐनवेळी होणारा विलंब हा याहून वेगळा प्रकार आहे. वेळापत्रक-बदल कित्येक आठवडे, प्रसंगी कित्येक महिने आधी जाहीर होतो.

रोख पैसे भरून थेट घेतलेल्या तिकिटात प्रवाशाचा संबंध बहुधा एकाच कंपनीशी येतो. भागीदार माइल्सवरील तिकिटात मात्र दोन कंपन्या असतात. तिकीट एका कंपनीचे असते आणि विमानातील जागा दुसरीची. त्यामुळे बदल झाल्यावर दुरुस्ती कोणी करायची, हा या विषयातील मूळ प्रश्न ठरतो. तिकीट कोणाचे व जागा कोणाची हे ज्या प्रवाशास ठाऊक असते, त्यास बहुतेक अडचणींतून वेळीच मार्ग काढता येतो. ज्यास ते ठाऊक नसते, त्याला अनेकदा विमानतळावर पोहोचल्यावर अडचण कळते.

पार्श्वभूमी

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'ॲडव्हांटेज' ही योजना सुरू केली. पुढे जगातील बहुतेक मोठ्या कंपन्यांनी अशा योजना काढल्या. सुरुवातीस माइल्स मुख्यतः त्याच कंपनीच्या विमानांत वापरले जात. विमान कंपन्यांच्या आघाड्या स्थापन झाल्यावर त्यांचा वापर विस्तारला. १४ मे १९९७ रोजी एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई एअरवेज व युनायटेड एअरलाइन्स यांनी स्टार अलायन्स स्थापन केली. १९९९ मध्ये वनवर्ल्ड आणि २००० मध्ये स्कायटीम या आघाड्या उदयास आल्या. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्सची सदस्य झाली. त्यानंतर भारतातील प्रवाशांना एअर इंडियाचे माइल्स आघाडीतील अन्य कंपन्यांच्या विमानांत, आणि त्या कंपन्यांचे माइल्स एअर इंडियाच्या विमानांत वापरणे शक्य झाले.

भारतात या तिकिटांचा आणखी एक स्रोत आहे. अनेक बँकांच्या क्रेडिट कार्डांवर मिळणारे गुण परदेशी विमान कंपन्यांच्या योजनांत वळवता येतात. एकदा वळवलेले गुण सहसा कार्डाकडे परत येत नाहीत. म्हणून तिकीट रद्द झाले तरी परतावा माइल्सच्या रूपात त्या विमान कंपनीच्या खात्यातच जमा होतो.

बदल का होतात

माइल्सवरील तिकिटे साधारणतः प्रवासापूर्वी ३३० ते ३६० दिवसांपासून काढता येतात. मोजक्याच जागा उपलब्ध असल्यामुळे अनेक प्रवासी आधीच तिकीट काढून ठेवतात. त्या वेळी संगणकावर दिसणारे वेळापत्रक बरेचदा तात्पुरते असते. पूर्वीच्या वर्षाचेच वेळापत्रक पुढे चढवून ठेवलेले असते आणि नंतर त्यात दुरुस्त्या होतात. म्हणून तिकीट जितके आधी काढलेले, तितकी बदलाची शक्यता अधिक.

विमान वाहतुकीचे वर्ष दोन हंगामांत विभागलेले आहे. उन्हाळी वेळापत्रक मार्च महिन्याच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. युरोपातील घड्याळेही याच दिवशी एक तास पुढे किंवा मागे होतात. भारतात घड्याळ बदलत नाही. त्यामुळे मुंबई वा दिल्लीहून युरोपास जाणाऱ्या विमानाची येथील निघण्याची किंवा तेथील पोहोचण्याची स्थानिक वेळ बदलणे ओघानेच येते. अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्यामुळे युरोपमार्गे अमेरिकेस जाणाऱ्यांच्या दोन विमानांमधील अंतर या मधल्या काळात विशेष तपासावे लागते.

हंगामी बदलांखेरीज हवाई क्षेत्र बंद होणे, विमानांची कमतरता, मार्ग बंद करणे व कंपन्यांचे विलीनीकरण ही महत्त्वाची कारणे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले हवाई क्षेत्र बंद केल्यावर एअर इंडियाच्या युरोप व उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांचा वेळ वाढला. जून २०२५ मध्ये अहमदाबाद येथील अपघातानंतर या कंपनीने मोठ्या विमानांची आंतरराष्ट्रीय उड्डाणे काही काळासाठी कमी केली. १ सप्टेंबर २०२५ पासून तिची दिल्ली–वॉशिंग्टन सेवा स्थगित झाली. त्यापूर्वी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा विस्ताराच्या उड्डाणांना एअर इंडियाचे नवे क्रमांक देण्यात आले.

कंपनी बंद पडल्यास बदलाचे स्वरूप अधिक गंभीर होते. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे थांबवली. तिची 'जेटप्रिव्हिलेज' ही योजना मात्र स्वतंत्र कंपनीकडे असल्यामुळे चालू राहिली आणि त्याच वर्षी तिचे नाव 'इंटरमाइल्स' झाले. विमान उडवणारी संस्था आणि माइल्स सांभाळणारी संस्था या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

तिकीट आणि आरक्षण

या विषयात आरक्षण व तिकीट यांतील फरक समजणे आवश्यक आहे. आरक्षण म्हणजे विमानात जागा राखल्याची नोंद. ती पीएनआर या सहा अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकाने ओळखली जाते. तिकीट म्हणजे त्या जागेचे मूल्य, पैशांत वा माइल्समध्ये, चुकते झाल्याचा दस्तऐवज. १ जून २००८ पासून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, व्यवस्थेत कागदी तिकिटे बंद झाली व ई-तिकीट सार्वत्रिक झाले. ई-तिकिटाचा क्रमांक १३ अंकी असतो. त्याचे पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. उदाहरणार्थ, ०९८ एअर इंडिया, ०१४ एअर कॅनडा, ०१६ युनायटेड, २२० लुफ्तान्सा आणि ६१८ सिंगापूर एअरलाइन्स. विमान लुफ्तान्साचे असले तरी तिकीट क्रमांक ०१४ ने सुरू होत असेल, तर ते तिकीट एअर कॅनडाचे आहे आणि प्रवासापूर्वीची दुरुस्ती तिच्याकडूनच करून घ्यावी लागते.

दोन कंपन्यांच्या संगणक प्रणालींत एकाच प्रवासाचे दोन वेगळे पीएनआर असू शकतात. विमान उडवणारी कंपनी वेळ बदलते, तेव्हा तिच्या प्रणालीतून तिकीट देणाऱ्या कंपनीस संदेश जातो आणि आरक्षणातील स्थितिसंकेत बदलतो. 'एचके' हा संकेत जागा निश्चित असल्याचे दाखवतो. 'टीके' म्हणजे जागा कायम असून वेळ बदलली आहे, आणि 'यूएन' म्हणजे ते उड्डाण आता उपलब्ध नाही. हे संदेश कधी अर्धवट पोहोचतात. अशा वेळी एका कंपनीच्या संकेतस्थळावर नवी वेळ तर दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जुनी वेळ दिसते. विमान प्रत्यक्षात कधी सुटणार हे ते उडवणारी कंपनीच ठरवत असल्यामुळे तिच्या नोंदीतील वेळ प्रमाण मानावी लागते.

आरक्षण बदलले तरी तिकीट आपोआप बदलते असे नाही. बदल किरकोळ असेल तर जुनेच तिकीट नव्या वेळेशी जोडून घेतले जाते. विमान, दिवस किंवा मार्ग बदलला असेल तर तिकीट नव्याने द्यावे लागते. हे काम राहून गेल्यास प्रवाशाची जागा आरक्षणात दिसते, पण तिच्याशी जुळणारे तिकीट नसते आणि चेक-इनच्या वेळी प्रवाशास अडवले जाते. दूरध्वनीवर "तुमची जागा निश्चित आहे" असे उत्तर मिळाल्यानंतरही प्रवासी विमानतळावर अडकतात, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

पर्यायी जागेचा प्रश्न

माइल्ससाठी कंपन्या मर्यादित जागा विशिष्ट वर्गांत खुल्या ठेवतात. स्टार अलायन्समध्ये अशा जागांसाठी सामान्यतः इकॉनॉमीस 'एक्स', बिझनेसला 'आय' व प्रथम श्रेणीस 'ओ' ही अक्षरे वापरतात. मूळ उड्डाण रद्द झाल्यावर दुसऱ्या विमानात या वर्गाची जागा शिल्लक असेलच असे नाही. तिकीट देणाऱ्या कंपनीचा भागीदाराच्या उरलेल्या जागांवर अधिकार नसतो. त्यामुळे तिला भागीदाराच्या संबंधित कक्षाकडे विनंती करून जागा खुली करून घ्यावी लागते. भागीदार कंपनी अशी परवानगी बहुधा स्वतःच्या विमानांपुरतीच देते. दुसरीकडे, तिकीट देणारी कंपनी स्वतःच त्या मार्गावर विमान उडवत असेल, तर तिला आपली जागा देणे तुलनेने सोपे जाते.

प्रवाशाची सर्वांत मोठी अडचण याच टप्प्यावर होते. विमान उडवणारी कंपनी 'तिकीट आमचे नाही' असे सांगते, तर तिकीट देणारी कंपनी 'जागा आमच्या हातात नाही' असे सांगते. सर्वसाधारण रीत अशी की प्रवासाच्या दिवसापर्यंतची जबाबदारी तिकीट देणाऱ्या कंपनीकडे असते. प्रवास सुरू झाल्यावर, किंवा विमानतळावर ऐनवेळी काही घडल्यास, विमान उडवणारी कंपनी प्रवाशास सांभाळते.

एक काल्पनिक उदाहरण

एखाद्या प्रवाशाने एअर कॅनडाच्या एरोप्लॅन योजनेतील गुणांवर मुंबई–फ्रँकफर्ट हा टप्पा लुफ्तान्साने आणि फ्रँकफर्ट–टोरांटो हा टप्पा एअर कॅनडाने असे एकच तिकीट काढले आहे, असे समजू. फ्रँकफर्ट येथे दोन विमानांत ९० मिनिटांचे अंतर आहे. पुढे पहिले विमान दोन तास उशिराचे झाले. आता दुसरे विमान पहिले पोहोचण्यापूर्वीच सुटेल. तरीही नोंदीत पहिल्या टप्प्यासमोर 'टीके' आणि दुसऱ्यासमोर 'एचके' असे संकेत राहू शकतात. दोन्ही टप्पे सुटे पाहिले तर निर्दोष आहेत, परंतु प्रवास म्हणून ते जुळत नाहीत.

विमानतळांवर दोन विमानांमधील किमान अंतर निश्चित केलेले असते. एकाच तिकिटावरील अंतर त्याहून कमी झाल्यास कंपनीने पर्याय देणे अपेक्षित असते. वरील प्रवाशाने फ्रँकफर्ट–टोरांटो मार्गावरील नंतरचे विमान, किंवा मुंबईहून आधी निघणारे विमान, असे नेमके पर्याय क्रमांकासह शोधून एअर कॅनडाकडे मागितले, तर काम लवकर होण्याचा संभव असतो. पहिला टप्पा लुफ्तान्साचा असला तरी तिकीट ०१४ ने सुरू होणारे असल्यामुळे आरंभ एअर कॅनडाकडूनच करावा लागतो.

हाच प्रवासी पुणे किंवा नागपूरहून स्वतंत्र तिकीट काढून मुंबईस येणार असेल, तर त्या पहिल्या तिकिटास हे संरक्षण लागू होत नाही. मुंबईचे विमान लवकरचे झाले, तर आधीच्या तिकिटात होणाऱ्या बदलाचा खर्च प्रवाशाकडे येतो.

प्रवाशाचे हक्क

युरोपीय संघ: नियमन क्रमांक २६१/२००४ हे १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. जनतेला उपलब्ध नसलेल्या सवलतीच्या वा फुकट तिकिटांना ते लागू होत नाही, मात्र नियमित प्रवासी योजनेतून दिलेल्या तिकिटांना ते लागू होते, असे त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. उड्डाण रद्द झाल्यास परतावा किंवा पर्यायी प्रवास यांतील निवड प्रवाशाची असते. ही जबाबदारी विमान उडवणाऱ्या कंपनीवर आहे. किमान दोन आठवडे आधी सूचना दिल्यास नुकसानभरपाई मिळत नाही, परंतु परतावा वा पर्यायी प्रवासाचा हक्क कायम राहतो. विमान एका तासाहून अधिक अलीकडे आणले तर ते रद्द झाले असे मानावे, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. संघातून निघणाऱ्या सर्व उड्डाणांना हे नियमन लागू आहे. संघाबाहेरून येणाऱ्या उड्डाणांपैकी केवळ संघातील कंपन्यांच्या उड्डाणांना ते लागू होते. म्हणून मुंबई–फ्रँकफर्ट प्रवास लुफ्तान्साने केल्यास हे संरक्षण मिळते, एअर इंडियाने केल्यास मिळत नाही. परतीच्या प्रवासात मात्र दोन्ही कंपन्यांस ते बंधनकारक आहे.

अमेरिका: परिवहन विभागाने २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात निघण्याची वेळ सहा तास वा अधिक अलीकडे आली, किंवा पोहोचण्याची वेळ सहा तास वा अधिक लांबली, तर तो मोठा बदल ठरतो. देशांतर्गत प्रवासासाठी ही मर्यादा तीन तास आहे. निघण्याचे वा पोहोचण्याचे विमानतळ बदलणे, मधले थांबे वाढणे आणि खालची श्रेणी मिळणे हेही मोठे बदल मानले जातात. अशा वेळी प्रवाशाने बदल वा पर्याय नाकारल्यास मूळ स्वरूपातील परतावा मिळतो. माइल्स दिले असतील तर माइल्स आणि कर रोखीने भरले असतील तर ती रक्कम परत येते.

भारत: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीतील विभाग ३, मालिका एम, भाग ४ मध्ये उड्डाण रद्द होणे, विलंब व प्रवेश नाकारणे यांविषयी तरतुदी आहेत. रद्द होणाऱ्या उड्डाणाची सूचना दोन आठवडे आधी देऊन प्रवाशास मान्य होईल त्याप्रमाणे पर्यायी विमान किंवा परतावा द्यावा, असे त्यात अपेक्षित आहे. तक्रारीसाठी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे 'एअरसेवा' हे व्यासपीठ २०१६ पासून उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

प्रवाशाने घ्यावयाची दक्षता

• तिकीट मिळताच १३ अंकी क्रमांक आणि दोन्ही कंपन्यांचे पीएनआर नोंदवून ठेवावेत. दुसरा पीएनआर तिकीट देणाऱ्या कंपनीकडून मागून घेता येतो.

• विमान उडवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आरक्षण अधूनमधून, विशेषतः मार्च व ऑक्टोबर अखेरीस, तपासावे.

• बदलाची सूचना आल्यावर 'मान्य' हा पर्याय घाईने निवडू नये. एकदा संमती दिली की विनाशुल्क दुसरे विमान वा परतावा मागणे कठीण होते.

• तिकीट स्वतःहून रद्द करण्यापूर्वी पर्याय पाहावेत. माइल्स परत आले तरी त्याच माइल्समध्ये पुन्हा तेवढीच जागा मिळेल याची खात्री नसते, कारण योजना माइल्सचे दर बदलू शकतात. माइल्सची मुदतही पाहावी. उदाहरणार्थ, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत सामान्यतः ती तीन वर्षांची असते.

• नवा मार्ग स्वीकारण्यापूर्वी व्हिसाचा विचार करावा. अमेरिकेतून केवळ पुढे जायचे असले तरी भारतीय नागरिकास व्हिसा लागतो. एकाऐवजी दोन शेंगेन विमानतळांवर विमान बदलावे लागल्यास शेंगेन क्षेत्रात प्रवेश होतो व त्यासाठी व्हिसा आवश्यक ठरतो.

• बदलानंतर नवे ई-तिकीट मिळाले का, त्यातील प्रत्येक टप्पा आरक्षणाशी जुळतो का, हे पाहावे. चाकाची खुर्ची, विशेष भोजन व निवडलेली आसने यांच्या नोंदी नव्या विमानात आपोआप जातीलच असे नाही.

• पहिला टप्पा न वापरता मधूनच प्रवास सुरू करू नये. एक टप्पा चुकवल्यास पुढील टप्पे सहसा रद्द होतात.

दुसऱ्याच्या माइल्सवरील प्रवास

परदेशात राहणारी मुले आपल्या खात्यातील माइल्सवर आईवडिलांची तिकिटे काढतात, असे अनेक मराठी कुटुंबांतही घडते. अशा तिकिटात माइल्सचे खाते एकाचे आणि प्रवास दुसऱ्याचा असतो. बदलाची सूचना सहसा तिकीट काढताना दिलेल्या ईमेलवर जाते. ती मुलाच्या पत्त्यावर पोहोचते आणि प्रवासास निघणाऱ्या वृद्धांस तिची कल्पना नसते. तिकिटात बदल करताना योजना अनेकदा खातेदाराचीच ओळख मागतात. म्हणून आरक्षणात प्रवाशाचा स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवणे, ई-तिकिटाची प्रत त्याच्याजवळ देणे आणि प्रवासाच्या वेळी खातेदाराने संपर्कात राहणे इष्ट ठरते. इंग्रजीत दूरध्वनीवर वाद घालणे ज्यांस जमत नाही, अशा प्रवाशांच्या बाबतीत ही पूर्वतयारी विशेष महत्त्वाची आहे.

टीका

माइल्सवरील तिकिटे फुकट असतात, हा समज प्रवाशांना आपले हक्क मागण्यापासून परावृत्त करतो. वास्तविक हे माइल्स पूर्वीच्या भाड्यातून, कार्डावरील खर्चातून किंवा थेट खरेदीतून मिळालेले असतात. युरोपीय संघाने अशा तिकिटांना फुकट तिकिटांपासून वेगळे काढले आहे, तर अमेरिकेने माइल्सना परताव्याचे एक स्वरूप मानले आहे.

दुसरा आक्षेप परताव्याच्या पद्धतीवर घेतला जातो. माइल्स आणि कर परत दिल्याने हिशेब पूर्ण होतो, परंतु प्रवास पूर्ण होत नाही. वर्षभर आधी मिळवलेली जागा प्रवासाच्या तोंडावर गेली, तर तेवढ्याच माइल्समध्ये दुसरी जागा क्वचितच मिळते आणि रोख भाडे तोवर वाढलेले असते. त्यामुळे लग्नकार्य, बाळंतपण, विद्यापीठातील प्रवेश वा आजारपण अशा तारीख ठरलेल्या प्रसंगी परताव्यापेक्षा पर्यायी प्रवासाचा हक्क अधिक मोलाचा ठरतो. हा हक्क कोणत्या कंपनीकडे मागायचा याचे उत्तर प्रत्येक देशाच्या नियमांत एकसारखे नाही. आघाड्यांनी माइल्स एकमेकांच्या विमानांत वापरण्याची सोय केली असली, तरी बदलाच्या वेळची जबाबदारी अद्याप दोन कंपन्यांत विभागलेलीच आहे.